आईने हिंदीत सांगितलेली अटक

आमच्या घरात मराठी चालते ती स्वयंपाकघरात, जेवताना आणि भांडताना. दाराबाहेर पाय ठेवला की हिंदी. जबलपुरात दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांत हे असंच असतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. म्हणून माझ्या मुलीने कॅमेरा लावला आणि आई एकदम हिंदीत सुरू झाली, तेव्हा तिला कोणी फार अडवलं नाही.

"आजी, मराठीत बोल ना," मुलगी म्हणाली होती खरी.

"पिक्चर आहे ना बेटा? पिक्चर हिंदीतच असते," आई म्हणाली, आणि पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघत बसली.

मुलगी बाहेरगावी फिल्मचं शिक्षण घेते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने वीस मिनिटांची एक फिल्म करून द्यायची असते. तिने विषय घेतला आणीबाणीचा, आणि त्यातही आपल्याच आजोबांच्या अटकेचा. माझे वडील रेल्वेत क्लार्क होते आणि कर्मचाऱ्यांच्या युनियनचं काम करायचे. आणीबाणीत त्यांना धरून नेलं. वर्षाहून जास्त काळ ते तुरुंगात होते. सुटून आले, पुढे नोकरीही परत मिळाली, पण त्या दिवसांबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्यांना नेलं तेव्हा घरात तीन माणसं होती. ते, आई आणि मी. मी रांगत होतो, म्हणजे माझी साक्ष धरायचं कारण नाही. पाहिलेलं सांगू शकेल असं एकच माणूस उरलं आहे आणि ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आहे. आई कॅमेऱ्यासमोर जे सांगेल तेच वडिलांच्या अटकेबद्दल मागे राहणार, एवढं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आईने सांगितलं ते असं. "आधी रात का समय था. बाहर मूसलाधार बारिश. दरवाज़े पर ज़ोर से दस्तक हुई. मैंने लालटेन उठाई. सामने पुलिस की जीप खड़ी थी. उनको घसीटकर ले गए. मैं मुन्ने को सीने से लगाकर जीप के पीछे दौड़ी, कीचड़ में गिरी, मेरी सारी चूड़ियाँ टूट गईं. जाते-जाते उन्होंने इतना ही कहा, मुन्ने को मेरे जैसा बनाना."

आई रडली. मुलगी रडली. माझी बायको पोळ्या लाटता लाटता दारात येऊन उभी होती, तीही रडली. माझेही डोळे भरून आले, पण त्याच वेळी डोक्यात तीन गोष्टी अडकल्या. एक, आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि तिथे वीज होती. तेव्हा लालटेन आलं कुठून? दोन, मला घरात जन्मात कोणी मुन्ना म्हटलेलं नाही. तीन, ते शेवटचं वाक्य. वडील मला आयुष्यभर सांगत आले, माझ्यासारखा होऊ नको, वेळेवर जेवत जा.

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा तो गेज कारखान्याच्या गेटवरच ठेवून येत जा बरं. म्हाताऱ्या माणसाच्या रडण्याला कुठे माप लावून राहिले?"

माझं कामच ते आहे. मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. आमच्याकडे एक पद्धत आहे. महत्त्वाचा नग असला की दोन माणसं वेगवेगळं मोजतात, आणि दुसऱ्याने मोजेपर्यंत पहिल्याचा आकडा त्याला दाखवायचा नाही. दाखवला तर दुसरा माणूस नकळत तोच आकडा वाचतो. यात लबाडी नसते, डोळाच तसा आहे. नवीन आलेल्यांना हे पटत नाही, वर्षभरात पटतं.

म्हणून मी दुसऱ्यांदा मोजायचं ठरवलं. रविवारी सकाळी आई भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि कॅमेऱ्याचा विषय न काढता सहज विचारलं, "आई, बाबांना नेलं तेव्हा काय झालं होतं गं?"

"सांगितलं ना परवा. त्यात आलं आहे सगळं. त्यात पाहून घे."

झालं. एकदा मशीनमध्ये गेलेलं आता तिच्यासाठी पक्कं झालं होतं. पहिला आकडा दुसऱ्या माणसाने बघितला होता, आणि इथे तर दोन्ही माणसं एकच होती.

मुलीने सुट्टीत येताना बऱ्याच परदेशी फिल्म आणल्या होत्या. त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, ज्या देशांत यादवी झाली, हुकूमशाही झाली, तिथल्या फिल्म बघितल्याशिवाय या विषयाला हात लावू नका. संध्याकाळी ती टीव्हीला जोडून बघायची आणि आम्हीही बसायचो. मी फिल्मचा माणूस नाही. सुरुवातीला मी तिला विचारलं, "हे सगळं लिहून ठेवलेलं असेलच ना कुठे तरी? मग फिल्म कशाला?"

"पापा, लिहिलं कोणी? जे लोक उठाकर ले जाते हैं, तेच रजिस्टर लिहितात."

तपासणीत मालाचा हिशेब माल बनवणाऱ्यानेच लिहायचा नसतो, हे मी तरुण इंजिनियरांना शिकवतो. ते एका आख्ख्या देशालाही लागू होतं हे मला कधी सुचलं नव्हतं.

तरी मी तिला एवढं म्हणालो की फिल्मवालाही माणूसच आहे. तो लालटेन कुठे ठेवायचं ते ठरवतो. ती म्हणाली, "तो क्या हुआ?" आणि आमचा वाद तिथेच राहिला.

काही फिल्म मला पटल्या नाहीत. त्यांत सारखं ओरडणं होतं, धूर होता, आणि संगीत इतकं मोठं की आईने दोनदा आवाज कमी करायला लावला. एक मात्र लक्षात राहिली. एका गावात यादवी संपली आहे. बेकरीच्या पाटीवर पूर्वी दोन भागीदारांची नावं होती, त्यांतल्या एकावर रंग मारला आहे, पण रंग पातळ आहे. गिऱ्हाईक येतात, पाव घेतात, पाटीकडे बघत नाहीत. बाकी फारसं काही घडत नाही. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात काम करताना त्या पाटीचा विचार करत होतो. मेलेल्यांचा आकडा त्या फिल्ममध्ये कोणी सांगितला नाही आणि मला त्याची उणीव भासली नाही. माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

आई या फिल्म फक्त चित्रं बघायची. खाली अक्षरं इंग्रजीत यायची, ती तिला वाचता येत नाहीत. मुलगी शेजारी बसून अर्धं हिंदी अर्धं मराठी करून सांगायची. थोड्या वेळाने आईच म्हणायची, "तू चूप बस ना. समजते मला."

त्या आठवड्यात एक फिल्म लागली. देश कुठला ते मला आता आठवत नाही. हुकूमशाहीचे दिवस. भर दुपार, एका गल्लीत चांभाराचं दुकान. साध्या कपड्यांतली दोन माणसं येतात. एक जण स्वतःचा बूट काढून शिवायला देतो. चांभार शिवतो. माणूस बूट घालतो, दोन पावलं चालून बघतो, पैसे देतो. मग चांभाराला म्हणतो, चला. चांभार हात पुसतो, दुकानाचं फळकूट लावतो. वरच्या खिडकीतून त्याच्या बायकोने दोरीने जेवणाचा डबा खाली सोडलेला असतो, तो तसाच लटकत राहतो. तिघं गल्लीतून चालत जातात. कोणी मोठ्याने बोलतही नाही.

आई एकदम म्हणाली, "असंच असते. दुपारीच येतात. रात्री त्यांनाही झोपायचं असते."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हळूच हात वर करून तिला गप्प राहायला सांगितलं.

"तुझे बाबा जेवून राहिले होते," आई टीव्हीकडे बघतच मला म्हणाली. "दुपारच्या सुट्टीत घरी यायचे ना जेवायला. वांग्याची भाजी होती. हवालदार आणि एक शिपाई, दोघं एका सायकलवर डबलसीट आले. हवालदार ओळखीचाच होता. म्हणे, बाबूजी, आराम से खा लीजिए. आणि बाहेर ओट्यावर बसला."

"मग?"

"मग काय? बसला होता तर मी चहा दिला."

टीव्हीवर फिल्म पुढे चालली होती. आई बोलत होती, मराठीत, स्वयंपाकघरातल्या आवाजात. वडील जेवले, हात धुतले, शर्ट बदलला. शिपाई म्हणाला, आपण तिघं एका सायकलवर कसे जाणार? तेव्हा वडिलांनी आपली सायकल काढली. हवालदार त्यांच्या मागे कॅरिअरवर बसला आणि वडील सायकल चालवत ठाण्यात गेले.

"म्हणजे ज्याला अटक केली त्यानेच पोलिसाला मागे बसवून ठाण्यात नेलं?" मी विचारलं.

"हं," आई म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय सांगितलं. ती उठली. "कुकर लावायचा आहे," म्हणाली आणि आत गेली. कुकर लागलेला होता.

लालटेन आणि चिखल कुठून आले ते मुलीने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. एक जुनी हिंदी फिल्म होती. वडील सुटून आल्यावर काही वर्षांनी आम्ही सगळे ती जबलपुरातल्याच गोरखपूर भागातून रिक्षा करून बघायला गेलो होतो. मला त्यातला फक्त मध्यंतरातला समोसा आठवतो. मुलीने मोबाइलवर तो प्रसंग मला दाखवला. आधी रात, पाऊस, लालटेन, जीप, मुन्ना, चिखल, फुटलेल्या बांगड्या. शेवटचं वाक्यही शब्द न् शब्द तेच.

आईने खोटं सांगितलं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. वडील घरात बोलत नव्हते. तिने कोणाला सांगायचं? विचारणारं कोणी नव्हतं आणि विचारलंच तर ते हिंदीत. त्या फिल्ममध्ये आपल्या जागी उभ्या असलेल्या एका बाईला मोकळेपणाने रडताना आईने पाहिलं आणि ते रडणं घरी आणलं. हिंदीत विचारलं की तेच बाहेर यायचं. मराठीतलं मराठीत पडून होतं.

आता प्रश्न होता फिल्मचा. मुलीने आईचं हिंदी बोलणं जोडून सरांना पाठवलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. ती अस्वस्थ होती.

"पापा, ये भी तो मेमरीच आहे ना? आजीला असंच आठवतं."

"तिला असं आठवत नाही. तिला दुसरंच आठवतं, काल तू ऐकलंस."

"मग दोन्ही ठेवू?"

"तुझी फिल्म आहे, तू ठरव," मी म्हणालो. "पण जे झालं ते आधी रेकॉर्ड तर कर. नाहीतर ठेवायला एकच राहील."

आईला विचारायचं काम माझ्याकडे आलं. ती साफ नाही म्हणाली.

"काहून नाही?"

"लोक हसतील, काहून म्हणजे काय? म्हणतील, ही काय अटक झाली? जेवून, हात धुऊन, पोलिसाला मागे बसवून गेले. पाहुण्याला स्टेशनवर सोडायला गेले काय? वर्षभर त्या माणसाने आत काढलं. घरी आले तेव्हा शर्ट खांद्यावरून खाली घसरत होता. आणि मी लोकांना सायकलचं सांगू?" थोडं थांबून ती म्हणाली, "आणि चहाचं?"

तिला काय टोचत होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं. नवऱ्याचं भोगणं लहान दिसेल ही एक भीती. आणि आपण त्याला न्यायला आलेल्या माणसांना चहा करून दिला, हे दुसरं. त्या पिक्चरमधल्या बाईने चहा दिला नव्हता. ती जीपमागे धावली होती.

मी तिला समजावलं नाही. मला ते जमत नाही, आणि बायकोने आधीच दम दिला होता, "त्यांच्या मागे लागू नका." दोन दिवस घरात कोणी हा विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईच मुलीला म्हणाली, "ती चांभाराची पिक्चर पुन्हा लाव."

आम्ही तिघं बसलो. बूट शिवून झाला, पैसे दिले, फळकूट लागलं, डबा लटकत राहिला. आईने मधेच विचारलं, "परत आला काय तो?"

"ते दाखवलंच नाही आजी."

"आणि त्याची बायको? तिला विचारलं कोणी?"

"बहुतेक तिनेच सांगितलं असेल. नाहीतर डब्याचं कसं कळलं असतं फिल्मवाल्याला?"

तेव्हा मुलीने विचारलं, आणि हे तिला मी शिकवलेलं नव्हतं, "आजी, त्याने बूट शिवून दिला त्यांना. तुला हसू आलं?"

"काहून हसू?"

"वही तो."

आईने चष्मा काढून पदराने पुसला. टीव्हीवर गल्ली रिकामी झाली होती. "अच्छा, चलो," ती म्हणाली. "पण मी साडी बदलणार नाही. आणि मला सोफ्यावर बसवून नको घेऊ."

विजय नगरच्या आमच्या घराला मागे छोटी गच्ची आहे, तिथे ती रोज दुपारी बसते. मुलीने कॅमेरा तिथे लावला. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. आईने हातांचं काय करायचं विचारलं आणि मुलगी म्हणाली, रोज जे करतेस तेच कर. मग आई लसूण सोलत बसली आणि मराठीत बोलली.

वांग्याची भाजी, डबलसीट, ओट्यावर बसलेला हवालदार, सगळं क्रमाने आलं. चहाशी ती अडखळली, पण म्हणाली, "दारात माणूस बसला तर चहा द्यायचा, तेवढंच मला माहीत होतं. कशासाठी आला ते त्याने सांगितलं नव्हतं, आणि यांनी विचारलं नव्हतं. यांना कळलं होतं. मला नाही."

मग वडील सायकलवर बसले, हवालदार मागे बसला, आणि दोन्ही सायकली कोपऱ्यापर्यंत गेल्या. मला वाटलं संपलं. आई लसणाची पाकळी हातात धरून थांबली.

"कोपऱ्यावरून परत आले," ती म्हणाली.

हे ती आम्हाला आधी बोलली नव्हती. हिंदीतही नाही, मराठीतही नाही.

"यांच्या खिशात स्टोव्हची पिन राहिली होती. हा सगळं तोंडात घालायचा ना," असं म्हणून तिने लसूण धरलेल्या हाताने माझ्याकडे दाखवलं, "म्हणून पिन ते वरच्या खिशात ठेवायचे. शर्ट बदलला तेव्हा पिन काढून नव्या शर्टात ठेवली, सवयीने. चहा झाल्यावर स्टोव्ह तुंबला होता. तर कोपऱ्यावरून सायकल वळवली. हवालदार मागून विचारतो, क्या हुआ बाबूजी? हे म्हणतात, पिन है, बच्चे का दूध गरम होगा. उतरलेही नाहीत. एक पाय पायरीवर टेकवला आणि पिन दिली."

"काय म्हणाले?" मुलीने विचारलं.

"काही नाही. पिन दिली. मी घेतली आणि आत गेली. दूध ठेवायचं होतं. ते पुन्हा गेले तेव्हा मी बाहेर नव्हती."

खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला आहे आणि मुलगी म्हणते, तो काढायचा नाही. मी कठड्याकडे तोंड करून उभा होतो. माझ्या साक्षीचं काही कारण नाही असं मी धरून चाललो होतो, आणि वडील कोपऱ्यावरून परत आले होते ते माझ्या दुधासाठी.

मुलीने बटण दाबलं. "हो गया आजी. एकदम छान आलं."

आईने सोललेला लसूण ताटलीत एका बाजूला केला. "यातलं थोडं बदलता येते काय?"

मी वळून बघितलं. मला वाटलं, आता ती चहा काढायला सांगणार.

"येतं. काय काढायचं आहे?"

"काढायचं काही नाही. ते सायकलवरून गेले ना, ते पुन्हा घे. मी भरभर सांगितलं. भरभर नव्हते गेले ते. हवालदार चांगला जाड होता."